नऊ घरांचा पाडा

दसरा जवळ आला की धरणगावच्या रस्त्यांवरून कापसाच्या ट्रॉल्या धावू लागतात, आणि त्या गेल्या की दोन्ही बाजूंच्या बाभळी पांढऱ्या होतात. काट्याकाट्याला कापूस. लोक म्हणतात, काय छान दिसतं! मला विचाराल तर डोक्याला ताप आहे. ट्रॉलीवाल्याला मागं काय सांडतंय त्याची फिकीर नसते, हवेत तंतू, घशात खवखव आणि वर आश्विनातलं ते चावरं ऊन. दुपारी ओट्यावर बसवत नाही, घरात पंखा गरम हवाच फिरवत राहतो. अशा वेळी मी डोळे मिटतो आणि पार साता समुद्रापलीकडच्या एका अरुंद रस्त्यावर जाऊन उभा राहतो. तिथं ह्याच दिवसांत झाडाखाली सफरचंदं पडलेली असायची आणि कोणी उचलायचं नाही.

सहा वर्षं झाली त्याला. मी आणि मंदा, म्हणजे माझी बायको, इंग्लंडात आमच्या लेकीकडं तीन महिने राहून आलो. इंग्लंड म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "मग सर, लंडन पाहिलं असेल?" पाहिलं ना. विमानतळावरून जावयाच्या गाडीत बसलो तेव्हा काचेतून जेवढं दिसलं तेवढं. बाकी सगळे दिवस आम्ही एका वस्तीत काढले. तिचं नाव सांगत नाही, सांगितलं तरी नकाशात सापडायचं नाही. नऊ घरं, एक छोटं चर्च, एक विहीर, तीही बुजवलेली. दुकान नाही. बस गुरुवारी यायची, आणि तिच्यात ड्रायव्हर सोडून कोणी नसायचं. रस्त्याच्या वळणावर फोनची जुनी लाल खोली होती, तिच्यात आता फोन नव्हता, वाचून झालेली पुस्तकं ठेवलेली होती. ज्याला हवं त्यानं न्यावं, झालं की आणून ठेवावं.

पहिल्या दिवशी मंदानं दारात उभं राहून इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाली, "आठे दुकान नही, मानूस नही. हाऊ ते पाडाच शे."

शिरपूरकडं सातपुड्यात तिची मावशी राहायची, तिथले पाडे तिनं लहानपणी पाहिले होते. चार घरं इथं, तीन घरं तिथं, मध्ये ओढा. तेव्हापासून आमच्या घरात त्या गावाचं नाव पाडाच पडलं. लेकीनं सुद्धा तेच उचललं. शेजारी एक म्हातारा शेतकरी होता, उंच, वाकलेला, हातात काठी आणि पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. सगळं रान त्याचं. मंदानं त्याला पाटील करून टाकलं. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की आपण पाटील आहोत.

मी अडतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. इतिहासाचा मास्तर म्हणजे काय, तर सहलीच्या वेळी सगळ्यांत पुढं आणि डबे उघडले की सगळ्यांत मागं. फरकांड्याचे झुलते मनोरे, थाळनेरच्या कबरी, पारोळ्याचा किल्ला, सगळीकडं पोरं घेऊन हिंडलो. आणि सगळीकडं एकच बोंब मारत राहिलो: भिंतीवर नावं लिहू नका, दगडाला हात लावू नका, रंग फासू नका. कुठं जुन्या मूर्तीवर तेल-शेंदराची पुटं दिसली की माझं डोकं सणकायचं. देवळातल्या म्हाताऱ्यांशी भांडलोय मी त्यावरून. एकानं तर मला सांगितलं होतं, "सर, तुम्ही पोरं सांभाळा, देव आम्ही सांभाळतो." पोरं हसली होती आणि मी दोन दिवस गुरकावत फिरत होतो.

असा माणूस त्या पाड्यावर गेला. आजूबाजूला दोन-चार मैलांत इतकं जुनं पडलेलं, की मी हरखून गेलो. चर्चचा दरवाजा नऊशे वर्षांचा, आणि किल्ली कुठं, तर शेजारच्या बाईच्या स्वयंपाकघरात खिळ्याला. कधीही मागा, ती पीठभरल्या हातानं काढून द्यायची. टेकडीवर किल्ला आहे म्हणून जावई मला वर घेऊन गेला, मी धापा टाकत मागं. वर नुसतं गवत. मी म्हटलं, किल्ला कुठंय? तो म्हणाला, "आपण किल्ल्यावरच उभे आहोत, नाना." मातीचे बांध, त्यावर मेंढ्या. अडीच हजार वर्षांपूर्वी माणसं इथं कुडाची घरं करून राहत होती म्हणे. मी त्या मेंढ्यांच्या लेंड्यांत बसून डोळे भरून बघत राहिलो. खाली नऊ घरं, नऊ धुराडी, आणि पाटलाच्या कापलेल्या गव्हाचं पिवळं रान.

आणि ओढ्याच्या पलीकडं ख्रिस्ती साधूंचा एक मठ होता. म्हणजे होता कधीकाळी. एका राजानं मोडला, छप्पर काढून नेलं, नंतर लोकांनी दगड नेऊन गोठे बांधले. आता उंच कमानी तेवढ्या उभ्या होत्या, आणि खाली कापलेलं हिरवंगार गवत. तिथला वास अजून नाकात आहे. ओला दगड, ओलं गवत आणि कुठंतरी जळणारं लाकूड. आपल्याकडं पाऊस सरला की माती तापते, तिथं पाऊस सरतच नव्हता. सकाळी धुकं असं खाली उतरायचं की पाटलाच्या गाई पायांवाचून चालताना दिसायच्या.

पण आम्ही काही सहलीला गेलो नव्हतो. ते आधी सांगायला हवं होतं. मी असा माणूस आहे की मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो, शाळेतही पोरं घड्याळ बघायची.

सुनीताला, आमच्या लेकीला, पाचवा महिना चालू होता. आधी एकदा हुकलं होतं. दुसऱ्या वेळी डॉक्टरनं सांगितलं, पडून राहा, वजन उचलू नका, जिना नको. म्हणून मंदा गेली आणि मंदाबरोबर मी. मंदानं बॅगेत काय काय भरलं होतं: कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, काळा मसाला, उडदाचे पापड, लसणाची चटणी, बाळंतिणीसाठी डिंक आणि मेथ्या. बाळंतपणाला अजून चार महिने होते, पण ही तयारीत. ती दिवसभर त्या छोट्या स्वयंपाकघरात काहीतरी थापत असायची. कळण्याच्या भाकरीचा खरपूस वास त्या पाड्यावर पहिल्यांदाच सुटला असणार. पाटलाचा कुत्रा रोज त्या वेळेला दारात येऊन बसायचा.

आणि सुनीता खिडकीजवळच्या पलंगावर, उशांना टेकून. "नाना, आज कुठं जाऊन आलात?" मग मी तिला चर्च सांगायचो, टेकडी सांगायचो, मठातल्या साधूंच्या जेवणाच्या वेळा सांगायचो. ती ऐकायची, हसायची, अधूनमधून पोटावर हात ठेवायची. त्या हाताकडं मी बघायचो नाही. मला भीती वाटायची. स्पष्ट सांगतो, त्या सगळ्या दिवसांत त्या पोटातल्या बाळाविषयी मी एक अक्षर बोललो नाही. लेकीशी नाही, बायकोशी नाही, घरात कोणाशीच नाही. इतिहास बोलत राहिलो. झालं गेलं ते बोलायला सोपं असतं, पुढचं बोलायला छाती लागते.

पाटलाच्या गव्हाच्या रानात एक दगड उभा होता. पुरुषभर उंच, एका अंगाला कललेला, अंगावर राखाडी-पिवळी बुरशी. आजूबाजूला दुसरा दगड नाही. बाजूला लहानशी पाटी: चार हजार वर्षांपूर्वीचा, कोणी आणि कशासाठी उभा केला ते माहीत नाही, कायद्यानं संरक्षित. एका दुपारी मंदाला फिरायला नेलं तेव्हा तिथं घेऊन गेलो. मी मास्तरकी सुरू केली. चार हजार वर्षं म्हणजे काय, तेव्हा आपल्याकडं तापीकाठी कोण राहत होतं, वगैरे. ती दगडाभोवती एक चक्कर मारून आली.

"देवले असं उघडं ठेवतस का?" ती म्हणाली.

"देव नाही गं तो. कशाचा आहे ते कोणालाच माहीत नाही."

"कोनले माहीत नही म्हणजे देवच शे तो," ती म्हणाली, आणि पदर डोक्यावर घेऊन दोन्ही हात जोडले. मी तिकडं लक्ष दिलं नाही. आपल्याकडं बांधावर दगड दिसला की बाई हात जोडते, त्यात नवल ते काय.

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा फिरायला निघालो. धुकं होतं. रानात शिरलो आणि दगडाजवळ गेल्यावर पाय जागीच थांबले. दगड लाल झाला होता. कमरेपासून वरपर्यंत, भरघोस, तेल ओघळलेला शेंदूर. पायाशी पाटलाच्या कुंपणातली तीन फुलं आणि एक उदबत्ती, विझलेली. तेल कोणतं होतं तेही मला वासावरून कळलं. सुनीताच्या स्वयंपाकघरातलं ते महागाचं ऑलिव्ह तेल.

चार हजार वर्षं त्या दगडाला कोणी हात लावला नव्हता, आणि लावला तो कोणी, तर अडतीस वर्षं ज्यानं पोरांना रंग फासू नका म्हणून सांगितलं त्याच्या बायकोनं. माझ्या डोळ्यांसमोर काय काय आलं. पोलीस आलेत, पाटी वाचून दाखवतायत, जावयाचं नाव, लेकीचं नाव, नऊच्या नऊ घरांतले लोक दारात. मी घरी परत गेलो. सगळी झोपलेली. बादली घेतली, भांडी घासायचा ब्रश घेतला, साबणाची बाटली घेतली आणि मागच्या दारानं निघालो.

शेंदूर आणि तेल ही काय चीज आहे ते घासणाऱ्यालाच कळतं. जेवढं घासावं तेवढं पसरतं. बुरशीच्या आत, दगडाच्या छिद्रांत. माझे हात लाल, पाणी लाल. ओढ्यावर तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला बघतो तर पाटील उभे. शेजारी कुत्रा. त्यांनी बादलीकडं बघितलं, दगडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

मी माफी मागायला सुरुवात केली. माझी बायको, आमच्याकडची पद्धत, तिला माहीत नव्हतं, मी सगळं स्वच्छ करून देतो. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: "तिनं काय मागितलं?"

मला पटकन कळलंच नाही. मग कळलं. मंदानं मला काही सांगितलं नव्हतं, पण सांगायची काय गरज होती. इकडून निघतानाच शेंदराची पुडी बॅगेत ठेवली होती तिनं. मी म्हणालो, आमच्या मुलीचं बाळ. नीट यावं म्हणून. एवढं इंग्रजीत म्हणालो आणि तिथंच, हातात ब्रश धरून, रडायला लागलो. जे मला मराठीत सुचलं नव्हतं, अहिराणीत सुचलं नव्हतं, ते परक्या माणसापुढं परक्या भाषेत बाहेर आलं.

पाटील दगडाकडं वळले. मग म्हणाले, त्यांच्या आजीच्या वेळी लग्न ठरलेल्या मुली ह्या दगडाला हात लावून जायच्या. पुढं कोणीतरी चर्चमधून दम दिला आणि ते बंद पडलं. "राहू द्या," ते म्हणाले. "पाऊस धुवून काढेल. ह्या दगडानं बरंच काही बघितलंय." आणि काठी टेकत निघून गेले.

आता कोणीही शहाणा माणूस बादली उचलून घरी गेला असता. ज्याचं रान तोच राहू द्या म्हणतोय. मी गेलो नाही. मी राहिलेला शेंदूर घासला. का घासला ते आज सहा वर्षं मी स्वतःला विचारतोय. मास्तरकीचा हेका होता, लाज होती, आणि रडलो त्याचा राग होता. शेवटचा लाल ठिपका जाईपर्यंत घासत होतो.

चौथ्या दिवशी सुनीताला दवाखान्यात न्यावं लागलं. बाळ गेलं.

मला इतिहास माहीत आहे, विज्ञानही थोडंफार समजतं. दगडाला शेंदूर लावल्यानं बाळ वाचत नाही आणि पुसल्यानं जात नाही. डॉक्टरनं कारण सांगितलं, ते मला समजलं, मी जावयाला समजावूनही सांगितलं. आणि तरीही भांडी घासायचा तो ब्रश मला त्या घरात नजरेसमोर सहन होईना. मंदा एक शब्द बोलली नाही. दगडाकडं परत गेली का ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. तिनं डिंक आणि मेथ्या डब्यातून काढून परत बॅगेच्या तळाशी ठेवल्या, एवढं मी बघितलं.

पण तुम्ही म्हणाल, मग डोळे मिटून तिथंच का जाता? तेच तर मला सांगता येत नाही. दुःख तिथलंच आणि जीव अडकतो तोही तिथंच. सुनीता उठून चालायला लागली तेव्हा पहिल्यांदा आम्ही तिघं मठात गेलो होतो. ऊन पडलं होतं, तिथल्या मानानं चांगलं कडक. छप्पर नसलेल्या त्या जेवणघरात गवतावर मंदानं शाल अंथरली. कळण्याच्या भाकरी, ठेचा, आणि पाटील दारात ठेवून गेलेली सफरचंदं. सुनीता आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली आणि म्हणाली, "नाना, काहीतरी शिकवा ना." मी तिला सांगत बसलो, साधू कुठं बसायचे, भाकरी कुठून यायची, जेवताना कोणी बोलायचं नाही, एकजण उभा राहून वाचायचा. ती कधी झोपली ते कळलं नाही. कमानीवर कावळे होते, आपल्याकडच्यासारखेच. मंदा तिच्या केसांतून बोटं फिरवत होती. त्या दुपारी आम्ही तिघं जेवढे जवळ होतो तेवढे आधी कधी नव्हतो, नंतरही झालो नाही. इतक्या वर्षांत मी ज्या ज्या ठिकाणी पोरं घेऊन गेलो, तिथं तिथं कोणीतरी असंच आईच्या मांडीवर झोपलं असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. पाटीवर ते कोणी लिहीत नाही.

मग थंडी वाढली आणि आम्ही परत आलो. सुनीता तिथंच राहिली, कामाला लागली. आणखी बाळाचं तिनं मनावर घेतलं नाही, आम्हीही विचारलं नाही. ती बरी आहे. फोनवर हसते. मागच्या आठवड्यात तिनं सांगितलं की ती दोघं पाडा सोडून शहरात राहायला जाणार आहेत, जावयाच्या कामाच्या जवळ. "आई, तुला कशाचा फोटो हवाय का इथला?" तिनं विचारलं. मला वाटलं मंदा मठ सांगेल. ती म्हणाली, "त्या देवाचा."

फोटो काल आला. आम्ही ओट्यावर बसलो होतो. मंदा दिवाळीच्या वातींसाठी कापूस घेऊन बसलेली, नवा, बोंडातला, सरकी एकेक करून काढायची आणि हातानं पिंजायचा. मोबाईल मी तिच्यापुढं धरला. राखाडी दगड, कललेला, मागं कापलेलं रान. तिनं ओले नसतानाही हात लुगड्याला पुसले आणि बोटांनी फोटो मोठा केला, पुन्हा मोठा केला. तिला त्यात काय शोधायचंय ते मला माहीत होतं. त्या क्षणी मला राहवेना.

"मंदा," मी म्हणालो, "तो शेंदूर मी पुसला होता. दुसऱ्या कोणी नाही, मी. पाटील राहू द्या म्हणत होते तरी पुसला."

ती फोटोकडंच बघत होती. "माले तव्हयच माहीत व्हतं," ती म्हणाली. "तुम्हना स्वेटरन्या बाह्या वल्ल्या व्हत्यात, लाल. मी काय आंधयी शे का?"

"मग बोलली का नाहीस?"

तिनं मोबाईल खाली ठेवला आणि कापूस परत हातात घेतला. "बोलाले काय व्हतं? मी त्याच दिन दुपारले परत शेंदूर लाई उनू. मांगली बाजूले, खाले, गवतमा. कोनले दिसाव नही असा." थोडा वेळ सरकी काढत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुम्हनामुये काहीच व्हयनं नही. इतकी वरीस उगाच जीव जाळा तुम्ही."

ट्रॉली गेली रस्त्यानं. कापूस उडाला. मी तिच्याकडं बघत राहिलो. बेचाळीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्याशी कधी खोटं बोललेली नाही. बोलायची गरजच तिला कधी पडली नाही, इतकी ती फटकळ आहे.

त्या सकाळी दगड घासून घरी आल्यावर मी आणखी एक गोष्ट केली होती. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, कालही सांगितली नाही. तिनं पुन्हा जाऊन लावू नये म्हणून स्वयंपाकघरातल्या फडताळातून शेंदराची उरलेली पुडी मी काढून घेतली, ओढ्यावर गेलो आणि पुलावरून पाण्यात सोडली. त्या नऊ घरांत, त्या अख्ख्या मुलखात चिमूटभर शेंदूर मिळाला नसता. म्हणजे त्या दुपारी ती फडताळापाशी गेली असणार. पुडी शोधली असणार, डबे हलवून, मागं हात घालून. आणि सापडली नसणार.

"बरं केलं, लावून आलीस ते," मी म्हणालो, आणि तिच्या परातीतला मूठभर कापूस घेऊन सरकी काढायला बसलो.